दोन तारखांचं पत्र

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
३ सप्टेंबर २०२४

प्रिय चारूआजोबा,

नमस्कार. मी नैना, गिरीशआबांची नात. सुवर्णाआजी गेल्या तेव्हा फोनवर बोललो होतो, त्यानंतर थेट आजच. आबांनी नागपूरहून बजावलं, "चारूला ईमेल करू नकोस. तो ईमेलवर फक्त औषधाच्या दुकानाशी बोलतो. कागदावर लिही." म्हणून कॅम्पसची बस पकडून स्टॅम्प घेऊन आले. अमेरिकेत सहा वर्षं झाली, पण हे माझं इथलं पहिलंच पत्र.

सरळ सांगते, काम आहे. दुष्काळात सरकारं शेतसारा कसा वसूल करतात, यावर माझी पीएचडी चालू आहे. आपल्याकडचा भाग लिहून झाला. तुलनेसाठी १८९१चा रशियातला दुष्काळ घेतलाय. इथून दोन तासांवर एका छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत एक खोकं सापडलं. त्यात स्तेपान इल्यिच कर्नाउखोव नावाच्या एका रशियन अधिकाऱ्याचे कागद आहेत. १८९१ला तो व्होल्गाकाठच्या एका प्रांतात खजिन्याचा मुख्य होता, पुढे राजधानीत अर्थखात्यात फार वर चढला. क्रांतीनंतर त्याचा मुलगा हे खोकं घेऊन इकडे आला. आजवर कुणी ते उघडलेलंसुद्धा नाही.

मला रशियन येत नाही. माझ्या गाइडलाही ते माहीत आहे, पण खोकं बघून आम्ही दोघी हावरट झालो. हस्ताक्षर असलं की एका ॲपने पहिल्या ओळीचं भाषांतर "घोड्याची मावशी" असं केलं. आबा म्हणाले, चारू लेनिनग्राडला सहा वर्षं शिकला, तो वाचेल. वाचाल का? प्रिंट सोबत पाठवतेय.

आबा बरे आहेत. पण तुमचं नाव निघालं की ते पत्राचं काढतातच. "आईने शनिवारी टाकायला सांगितलं, मी सोमवारी टाकलं. नाहीतर चारू पोचला असता." परवाही म्हणाले. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. आई म्हणते, मधे बोलू नकोस, म्हणू दे त्यांना.

तुमची,
नैना

~

डब्लिन, ओहायो
१० सप्टेंबर २०२४

चि. नैनास आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमन इतक्या कौतुकाने हातात देऊन गेला की मला वाटलं, आता पेढे मागतो. नाहीतर माझ्या पेटीत फक्त गटार-सफाईवाले आणि निवडणुकीचे उमेदवार येतात.

प्रिंट वाचायला बसलो आणि दोन दिवस उठलो नाही. लेनिनग्राडला आमच्या हॉस्टेलच्या दाराशी एक म्हातारी बसायची. क्रांतीच्या आधी शाळा शिकलेली. तिची पत्रं मी तिला वाचून दाखवायचो, कारण तिला दिसत नसे आणि मला तिचा चहा आवडे. जुनी वळणदार लिपी तिच्यामुळे आली. पोलादाचं शास्त्र विसरलो, हे राहिलं.

तुझा माणूस मोठा गमतीचा आहे. आधी त्याचं आडनाव. अर्थ साधारण "कानकापे". आपल्याकडे कानफाटे असतात, त्यांचा रशियन भाऊबंद. बाप गावच्या चर्चमध्ये मदतनीस, घरात सात भावंडं. हा सोळाव्या वर्षी खजिन्यात नकलनवीस लागला. लिहितो की पहिला हिवाळा बोटं शाईच्या दौतीवर ऊब घेत काढला, म्हणजे दौत शेगडीवर ठेवलेली असायची, शाई गोठू नये म्हणून. मग कारकून, हेडक्लार्क, जिल्हा, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी प्रांताचा खजिना. वशिला नाही, जमीन नाही. फक्त बिनचूकपणा. मला आवडला.

१८९१नंतर मात्र उड्याच उड्या. दुष्काळाच्या वर्षी त्याच्या प्रांतातून थकलेला सारा सगळ्यांत जास्त वसूल झाला, म्हणून मेडल. दोन वर्षांत राजधानीत बदली, मग सरकारी दारूच्या ठेक्याचं खातं, शेवटी खात्याचा संचालक. त्याला "आपली उच्चता" म्हणावं लागे. निवृत्तीनंतर त्याने आठवणी लिहिल्या. त्याच तुझ्या खोक्यात आहेत. पहिली चाळीस पानं मराठीत करून पाठवतोय. इंग्रजी तू कर, माझं इंग्रजी अजून फॅक्टरीतलं आहे.

तुझा,
चारूआजोबा

~

स्टेट कॉलेज
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय चारूआजोबा,

तुम्ही कमाल आहात. चाळीस पानं मी एका बैठकीत वाचली, रूममेट अनुष्काला शेगडीवरची दौत वाचून दाखवली, ती म्हणाली, "यार, हे तर माझ्या लॅबसारखं आहे, तिथेही बोटं गोठतात."

आता मुख्य मुद्दा. सगळा पेपर याच्यावर उभा राहणार आहे, म्हणून नीट विचारते.

१२ जुलै १८९१ला कर्नाउखोवने हुकूम काढला: थकबाकी वसूल करा, नाही दिली तर गुरं लिलावात काढा. तेव्हा राय, म्हणजे तिकडचं रोजच्या भाकरीचं धान्य, शेतातच जळून गेली होती आणि लोक पाल्याची भाकरी खात होते. खोक्यात एका जर्मन धान्यव्यापाऱ्याचं पत्र आहे, त्याचाच तुम्ही अनुवाद केलात: "मी सहा तालुके पाहून आलो. या वर्षी गाय नेलीत तर माणूस जाईल." आठवणींत कर्नाउखोव म्हणतो की हे पत्र हाती आलं तेव्हा हुकूम निघून गेला होता. तेरेंती नावाच्या म्हाताऱ्या कारकुनाने ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, म्हणून त्याला तीस वर्षांच्या नोकरीवरून काढलं.

मग प्रश्न एकच. पत्र आधी की हुकूम आधी? पत्राचा वरचा कोपरा ओलीने गेलाय. महिन्याचं नाव दिसत नाही, फक्त "8/20" आणि साल. म्हणजे ऑगस्टची वीस ना? तसं असेल तर पत्र लिहिलं गेलं तेच हुकमानंतर पाच आठवड्यांनी, आणि माणूस निर्दोष आहे! सरकारं दुष्ट नसतात, बातमी उशिरा पोचते, हेच मला म्हणायचंय. फक्त मग तेरेंतीला का काढलं ते कळत नाही.

आणि पत्राच्या मागे लाल पेन्सिलीने काहीतरी खरडलंय. ते काय आहे?

नोव्हेंबरात कॉन्फरन्स आहे. पेपर ॲक्सेप्ट झालाय!

नैना

~

डब्लिन
९ ऑक्टोबर २०२४

चि. नैना,

हो, ऑगस्टची वीस.

तेरेंतीचं म्हणशील तर आठवणी सत्तराव्या वर्षी लिहिलेल्या आहेत. त्या वयात आधीचं आणि नंतरचं यांचा घोळ होतो. माझाही होतो. फार खोलात जाऊ नकोस.

मागे फायलीचा नंबर आहे, विशेष काही नाही.

पाठ दुखतेय, म्हणून थोडक्यात लिहितोय. पेपरला शुभेच्छा.

चारूआजोबा

~

स्टेट कॉलेज
२६ नोव्हेंबर २०२४

ती. चारूआजोबा,

कॉन्फरन्स झाली. कशी झाली ते सांगते.

मी पत्राच्या दोन्ही बाजू मोठ्या स्क्रीनवर लावल्या. छान बोलले. हॉलमध्ये साठेक लोक होते. शेवटी पहिल्या रांगेतल्या एक वयस्कर प्रोफेसर उठल्या. आवाजात अजिबात खोच नव्हती, उलट त्यांना माझी दया येत होती, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, ही ऑगस्टची वीस नाही. या दोन तारखा आहेत. रशियाचं कॅलेंडर तेव्हा युरोपच्या बारा दिवस मागे होतं, म्हणून परदेशी माणसांशी पत्रव्यवहार असला की दोन्ही लिहायचे. आठ त्यांची, वीस बाकीच्या जगाची.

आपल्या घरी पत्रिकेवर तिथी आणि तारीख दोन्ही छापतात, आजोबा. मला कुणी "आठ, वीस" असं नागपूरला दाखवलं असतं तर मी विचारलं असतं, हे काय आहे? इथे सहा वर्षं फॉर्म भरून भरून मी ते आपोआप अमेरिकन वाचलं. महिना आधी, दिवस नंतर. चूक माझी आहे, ती मी मान्य करते.

पण मग त्या म्हणाल्या, महिना कोणता हे मागे लिहिलंय की. आणि सगळ्यांसमोर लाल पेन्सिल वाचली: "मिळाले, १० जुलै. स्वतः वाचले." खाली त्याची आद्याक्षरं. हुकमाच्या दोन दिवस आधी.

तिथे फायलीचा नंबर नाहीये.

मी पेपर मागे घेतलाय. गाइड फक्त चष्मा पुसत राहिली. मला शरमेने तीन दिवस डिपार्टमेंटमध्ये जाता आलं नाही. पण ते होईल नीट, माझं एक चॅप्टर गेलं, आयुष्य नाही. मला एवढंच विचारायचंय. तुम्हाला तो शब्द वाचता आला नाही का? डोळ्यांचा त्रास असेल तर तसं सांगा, मी खरंच काही म्हणणार नाही.

खोक्याच्या तळाशी तीन अर्ज मिळालेत, सुंदर अक्षरातले. सही तेरेंतीची वाटते. प्रिंट पाठवतेय. वाचायचे असतील तर वाचा. नसतील तर मी दुसरं कुणी शोधते.

नैना

~

डब्लिन
१५ डिसेंबर २०२४

चि. नैना,

माझे डोळे ठीक आहेत. मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढले. लाल पेन्सिल मी पहिल्याच दिवशी वाचली होती. आठ आणि वीसचा अर्थही मला माहीत होता. त्या हॉस्टेलच्या म्हातारीच्या वाढदिवसाचा आम्ही दर वर्षी घोळ घालायचो, ती जुन्या कॅलेंडरचा धरायची. मी तुला खोटं लिहिलं. समजून उमजून, दोन वेळा, एकाच पत्रात.

तुझ्या तीन महिन्यांच्या कामाची माती केली आणि वर शुभेच्छाही दिल्या. याची लाज वाटते, ती कशी लिहू ते कळत नाही.

तेरेंतीचे अर्ज वाचले. तिन्ही सारखेच आहेत, वर्षावर्षाच्या अंतराने लिहिलेले. नोकरी मागत नाही तो. पेन्शनही शेवटच्या ओळीत मागतो, चाचरत. त्याचं म्हणणं एवढंच: "पत्र मी त्याच दिवशी आपल्या मेजावर ठेवलं होतं. आपण ते वाचलंत. मी दाराशी उभा होतो. कृपा करून माझ्या बायकोला तेवढं एका ओळीत कळवावं, कारण तीही आता मला विचारते की तू नक्की ठेवलं होतंस ना." तिन्हींवर कर्नाउखोवची लाल पेन्सिल आहे: "दप्तरी दाखल." नकार नाही, होकार नाही.

दुसऱ्या अर्जापाशी मी थांबलो. पुढचं भाषांतर व्हायला आठ दिवस लागले.

आता तुला एक सांगतो. सुवर्णालाही कधी सांगितलं नव्हतं.

१९८१. मी कोलंबसच्या एका कारखान्यात नवीन होतो. इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा ऑक्टोबरच्या तीस तारखेला होती. आधी एकदा नापास झालो होतो. शुक्रवारी, सोळा ऑक्टोबरला, घरी आलो तर पेटीत दादाचं पत्र. "आईचं काही खरं नाही. डॉक्टर महिना म्हणतात, मी त्यातले पंधरा दिवसच धरतोय. ती तुझं नाव घेते. तार करू नको म्हणाली, तार बघून चारू घाबरेल म्हणते. मिळेल त्या विमानाने ये." मी उभ्याउभ्या वाचलं. बूटसुद्धा काढले नव्हते.

रजा मिळाली असती. तिकीटही मिळालं असतं. मी मनाशी म्हटलं, परीक्षा झाली की निघू, चौदा दिवसांचा तर प्रश्न आहे. पत्र पुन्हा पाकिटात घातलं, परीक्षेच्या कोड-बुकात ठेवलं आणि अभ्यासाला बसलो. त्या चौदा दिवसांत मी ते पुन्हा एकदाही उघडलं नाही. जणू आलंच नव्हतं. परीक्षेत पास झालो, चांगल्या मार्कांनी. एकतीसला तार आली. आई गेली होती.

दादाला काय लिहू? लिहिलं, "तुझं पत्र आज, दोन नोव्हेंबरला मिळालं. मला कळलंच नाही रे." एवढी एकच ओळ. वाटलं होतं, टपालावर जाईल आणि संपेल. टपालखात्याला कुठे बायकामुलं आहेत?

डिसेंबरात गेलो. दादा नागपूरच्या विमानतळावर आला होता. मला बघितलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्या गळ्यात पडला. माझा थोरला भाऊ, बँकेतला कडक माणूस, आणि हुंदके देऊन रडत होता. "चारू, माझ्यामुळे. आईने शनिवारी दिलं होतं टाकायला. मी ऑफिसातून उशिरा निघालो, पोस्ट बंद झालं होतं, सोमवारी टाकलं. शनिवारची थैली वेगळी गेली असती." मी काय करावं, नैना? मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. म्हणालो, "जाऊ दे दादा. टपालाचं असंच असतं."

माफ केलं मी त्याला. मी.

आईला पंधरा दिवस न भेटणं हा एक गुन्हा झाला. तो कदाचित मी अजून कसातरी पचवला असता. पण तो हात. त्रेचाळीस वर्षांत असा आठवडा गेला नाही की तो हात मला आठवला नाही.

तू तुझ्या पहिल्याच पत्रात लिहिलंस की दादा अजून ते बोलतो. मी त्यावर उत्तरात एक अक्षर लिहिलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. आणि मग हा कर्नाउखोव समोर आला. तू विचारलंस, पत्र आधी की हुकूम आधी? मला त्याला सोडवायचं होतं. एवढा बिनचूक माणूस, शेगडीवर शाई ठेवणारा, तो सुटू शकतो असं कुणा शिकलेल्या माणसाने पेपरात छापलेलं मला बघायचं होतं.

हे तुझ्यापाशीच ठेव. दादाला चौऱ्याऐंशी झाली. आता त्याला कशाला हा त्रास, असं मी दर वर्षी म्हणत आलोय. त्याला साठ झाली तेव्हाही हेच म्हटलं होतं.

चारू

~

स्टेट कॉलेज
२१ डिसेंबर २०२४

चारूआजोबा,

तुमचं पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला.

रागावलेय मी. पेपरसाठी आता नाही. लहानपणी मी आबांना विचारायचे, तुम्ही सगळी पत्रं स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर का करता, साधी लग्नपत्रिकासुद्धा? ते म्हणायचे, "मला एकदा शिक्षा झालीय." मी हसायचे.

मला सांगून काय उपयोग, आजोबा? मी काय करू याचं? चॅप्टर नव्याने लिहिणारच आहे, त्यात तेरेंतीचे तिन्ही अर्ज पूर्ण छापणार आहे, पण ते त्याच्या बायकोपर्यंत पोचणार नाहीत. आबा जिवंत आहेत. रोज सकाळी साडेसहाला फिरायला जातात, दूधवाल्याशी भांडतात, त्यांना सगळं ऐकू येतं.

तुम्ही म्हणता माझ्यापाशी ठेव. ठेवेन, पण जानेवारी संपेपर्यंतच. दर रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलताना मला हे लपवता येणार नाही, आणि मी ते शिकणारही नाही.

इंग्रजीत आणि फोनवर सांगू नका. ते फोनवर "बरं बरं" म्हणतात आणि ठेवून देतात. पत्र लिहा.

नैना

~

डब्लिन
५ जानेवारी २०२५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी अकरा वेळा फाडलंय. बारावं आहे, ते कसंही झालं तरी टाकणार.

दादा, १९८१ साली तू पाच ऑक्टोबरला, सोमवारी, टाकलेलं पत्र मला सोळा ऑक्टोबरला मिळालं. वेळेत मिळालं. त्या दिवशी निघालो असतो तर आई भेटली असती. मी परीक्षेसाठी थांबलो. मग तुला खोटं लिहिलं की दोन नोव्हेंबरला मिळालं. विमानतळावर तू माझी क्षमा मागितलीस, तेव्हाही मी खरं सांगायचं सोडून "जाऊ दे" म्हणालो.

तुझं काहीही चुकलं नव्हतं. शनिवार काय, सोमवार काय, तू तुझं काम केलं होतंस. चुकलो मी. नंतर ती चूक तुझ्या गळ्यात घातली आणि त्रेचाळीस वर्षं बघत राहिलो.

यापुढे सफाई म्हणून काही लिहायला गेलो तर तेही खोटंच होईल, म्हणून थांबतो. तू लिहिशील ते मान्य. न लिहिलंस तरी मान्य.

तुझा,
चारू

~

धरमपेठ, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. चारू,

तुझं पत्र वीस जानेवारीला मिळालं. बघ, पंधरा दिवसांत येतं.

त्या दिवशी जेवलो नाही. सुनेने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. तिसऱ्या दिवशी तुझ्यावर इतका संतापलो की आपल्या दोघांचा मुंजीतला फोटो भिंतीवरून काढला. परत लावला तो आठवड्याने, कारण सून विचारत होती, भिंतीवर डाग दिसतोय म्हणून. अजून संताप गेलेला नाही. तुला माफ केलं का हे विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी हो म्हणणार नाही. तू म्हणाला होतास तसं "जाऊ दे" मला म्हणता येत नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मीही कुणाला सांगितली नव्हती, आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र.

पत्र टाकल्यावर आई रोज विचारायची, "गिरीश, टाकलंस ना रे?" मी म्हणायचो, टाकलं. दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही, तू नाहीस. ती विचारायची, "खरं सांग, टाकलंस ना? तू विसरतोस." मी शपथ घेतली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि नंतर विचारणं बंद केलं. आपल्या घरी तिने कुणावर आवाज चढवला नाही, माझ्यावरही नाही. पण ती माझ्या हातून औषध घेईना. मागायची ते तुझ्या वहिनीकडे.

बाविसाला मी बँकेत असताना तिने शेजारच्या रेखाला बोलावलं आणि तिच्याकडून एक कार्ड लिहून घेतलं. रेखा बिचारी चौदा वर्षांची, तिने साधं पंधरा पैशांचं पोस्टकार्ड घेतलं आणि पेटीत टाकलं. साधं कार्ड परदेशात जात नाही. आईच्या तेराव्याला, पान वाढलेलं असताना, पोस्टमनने ते परत आणून माझ्याच हातात दिलं.

तुला तेव्हा पाठवलं नाही, कारण वाचून तुला वाटलं असतं की मी खरंच टाकलं नव्हतं. तुला काय, काही वर्षांनी मलाच वाटायला लागलं होतं. शनिवारी मी पोस्टात गेलो होतो की नाही, सोमवारी पेटीत हात घातला होता की नाही, असं आठवत बसायचो.

आता ठेवण्याचं कारण उरलं नाही. पत्ता तुझा आहे, कार्ड तुझं आहे. सोबत घातलंय.

गिरीश

~

(पोस्टकार्ड. अक्षर लहान मुलीचं.)

२२-१०-८१

चि. चारूस आईचे अनेक आशीर्वाद. हे रेखा लिहिते आहे, मी सांगते आहे. माझी तब्येत बरी नाही. तुला वेळ असेल तर येऊन जा, नोकरी सोडून येऊ नकोस. गिरीशने तुला पत्र टाकलं नाही असं दिसतं, नाहीतर तू आला असतास. तो विसरला असेल आणि आता सांगायला घाबरत असेल. तू आलास की त्याला रागावू नकोस.